मागं बसणाऱ्याचं डोकं

तुमच्या दुचाकीवर रोज डोकी किती बसतात, आणि घरात हेल्मेट किती आहेत? उत्तर मला सांगू नका. स्वतःला द्या, आणि मग पुढं वाचा.

आमच्या गल्लीत हेल्मेट एकच होतं. अख्ख्या गल्लीत. हर्सूलच्या बाजूला, शहर फुलंब्रीच्या दिशेनं वाढत चाललं होतं तिथं आमची गल्ली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते खिळ्याला लटकलेलं असायचं. ज्याला क्रांती चौकाकडं जायचं असेल, म्हणजे पोलिसांच्या नजरेखालून, तो "काकू, टोपडं नेतो हो" म्हणून काढून न्यायचा आणि संध्याकाळी परत अडकवायचा. मधल्या वेळात दुकानवाल्या काकू त्यात लसूण ठेवायच्या. त्यामुळं गल्लीतला कोण दंड न भरता शहरात जाऊन आला, ते त्याच्या केसांच्या वासावरून कळायचं. हेल्मेटला माप असतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पावतीला कुठं माप असतं? आम्ही त्याला दंड टाळायची पावतीच समजत होतो.

मी तर त्याच्याही पुढं. माझे वडील छापखान्यात बांधणीचं काम करायचे आणि बिघडलेले छाप घरी आणायचे. पाण्याच्या मोर्चाची, बियाण्याच्या भावाची, वसतिगृहाच्या मागण्यांची पत्रकं. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. ज्या वर्षांत पाऊस येतो म्हणून सांगायचा आणि येत नव्हता, त्या वर्षांत मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'हंडा रिकामा, डोक्यावर सक्ती'. गावाकडं टँकरच्या रांगा लागल्यात, शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि सरकारला काळजी कसली तर आमच्या डोक्यावर प्लॅस्टिक आहे की नाही याची! छपाईसाठी पैसे साठवत होते. तेवढ्यात अक्काला नोकरी लागली.

अक्का माझी मोठी बहीण. आयटीआय करून दीड वर्ष घरी बसलेली. चितेगावच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम मिळालं. सकाळी सातची पाळी. आमच्याकडून पैठण रोडला जाणारी पहिली बस तिथं पोचेपर्यंत पाळी सुरू झालेली असायची. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "सोमवारी साडेसहाला गेटवर. गाडी आत घ्यायची तर हेल्मेट पाहिजे. नाही आलात तर यादीतलं पुढचं नाव." अक्काकडं लायसन होतं. गाडी आणि हेल्मेट नव्हतं. हातात चार दिवस होते.

गाडी होती खरं तर, पण मामाकडं. वडिलांची जुनी मोटारसायकल आम्ही दुष्काळात मामाला दिली होती. मामाचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. घर मेंढरांचं, पण चारा संपल्यावर मेंढरं कमी केलेली आणि मामा पिकअप चालवायला लागलेले. गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून त्यांनी दोन उन्हाळे पाणी वाहिलं. चढावर भरल्या कॅनांनी क्लचप्लेटा पार जळल्या. सपाटीवर ती कशीबशी चालायची, पण शहराच्या वाटेवरचा चौक्याचा घाट चढणं शक्यच नव्हतं. आमच्या गल्लीतला मेस्त्री म्हणाला, "शुक्रवारी आणून द्या, रविवारी घेऊन जा."

हेल्मेट आणायचं काम माझ्याकडं आलं. मी गुरुवारी जालना रोडवर फुटपाथच्या ढिगातून एक उचललं. लाल, चकचकीत, वर गरुड. हातात घेतलं तर कळशीपेक्षा हलकं. मला तेच आवडलं. सक्तीच आहे तर निदान ओझं तरी नको. अक्कानं घालून बघितलं. तिच्या अंबाड्यावर ते घुमटासारखं तरंगलं.

"हलतंय गं," ती म्हणाली.

"डोकं हलवू नकोस मग," मी म्हणाले.

शुक्रवारी आम्ही दोघी मामाकडं गेलो. अक्कानं हेल्मेट मामाला दाखवायला बरोबर घेतलं होतं. मामानं ते उलटं धरून आत बघितलं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "कोंबडी बसवायला बरंय."

मग त्यांनी गाडी पिकअपमध्ये चढवली. मधल्या स्टँडवर उभी केली, हँडलला दोन दोर बांधले, एक उजव्या कठड्याला, एक डाव्या. मागच्या बाजूला काहीच नाही. दोर असे सैल की मधे झोळी व्हावी.

"मामा, दोर ढिला आहे," अक्का म्हणाली.

"ढिलाच पाहिजे. दोन वर्षं चाऱ्याच्या छावणीला जनावरं नेली म्या. एकाचा पाय मोडला का? इचार कुणालाबी. आवळून बांधलं की जनावर अडकून पडतं. सैल सोडलं की आपलं आपण पाय रोवून उभं राहतं. चल, बस पुढं, शहाणी लई झालीस."

मामाचं हे ज्ञान खोटं नव्हतं. त्यांच्या हातून एकही जनावर दुखावलं नव्हतं, ही त्या दुष्काळात लहान गोष्ट नव्हे. अक्कानं हेल्मेट गाडीच्या डाव्या आरशाला अडकवलं आणि आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो.

चौक्याच्या घाटात दुसऱ्या वळणाला मागून धाडकन आवाज आला. मामानं ब्रेक मारला. गाडी स्टँडवरून सुटून डावीकडं कलंडली होती आणि कठड्यावर टेकली होती. आरसा फुटला, क्लचची दांडी वाकली. आणि गाडीच्या व कठड्याच्या मधोमध सापडलं होतं ते हेल्मेट. पापड मोडावा तसं मोडलेलं. गरुडाच्या छातीतून चीर कानापर्यंत गेलेली, आत बोटभर जाडीचा थर्माकोल, त्याचे पांढरे मणी वाऱ्यानं उडत होते.

अक्कानं ते उचललं. चिरेतून हात आत घातला तर बोटं दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "गाडी उभ्या उभ्या पडली नुसती. पळत नव्हती."

मला त्या वेळी माझ्या पत्रकातली ओळ न् ओळ पाठ होती, आणि त्यातली एकही तिला म्हणून दाखवण्यासारखी नव्हती.

रस्त्याकडंला पंक्चरवाला होता. तो हवा भरायची नळी हातात घेऊन बघत उभा. "मामा, म्हैस आडवी झाली की तुमची!"

मामाचा चेहरा पडला. त्यांनी गाडी सरळ केली, पुन्हा तोच दोर हातात घेतला आणि तिथंच थांबले. पुन्हा कशी बांधायची, ते त्यांना सुचत नव्हतं. शुक्रवार दुपार झालेली. गाडी आज मेस्त्रीकडं नाही पोचली तर सोमवार गेला, हे त्यांनाही कळत होतं.

अक्का पिकअपमध्ये चढली. "मामा, हिला पाय नाहीत. ही स्वतःला सावरणार नाही. हिला म्हैस समजू नका. कडबा समजा."

मामानं तिच्याकडं बघितलं. मग एकदम हसले. "आगं व्हय की! कडबा!"

त्यानंतर जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. कडब्याचा भारा खड्ड्यांतून हलू न देता नेणं म्हणजे काय, हे या माणसाला आपल्या हाताइतकं माहीत होतं. स्टँड वर घेतला. पुढचं चाक केबिनच्या पत्र्याला सरळ भिडवलं. हँडलच्या दोन्ही बाजूंनी दोर खाली आणि बाहेर ओढून तळातल्या कड्यांना बांधले. मग मागून तसेच दोन. प्रत्येक दोरात एक दांडकं घालून पीळ दिला, पुढचे शॉकॲब्सर्बर निम्मे दबेपर्यंत, आणि दांडकं सुतळीनं जखडून टाकलं. पंक्चरवाल्यानं जुन्या ट्यूबचे तुकडे फेकले. जिथं दोर रंगाला घासत होता तिथं मामानं ते घातले. शेवटी सीट धरून जोरात हलवलं. गाडी हलली नाही, अख्खा पिकअप हलला.

"आता घ्या वळणं," पंक्चरवाला म्हणाला.

घाट संपेपर्यंत मामा आरशातून मागं बघत होते. गाडी जागची हलली नाही. पुढच्या बाजाराला त्यांनी खटक्यानं आवळायचे रुंद पट्टे आणले, कारण दोर कितीही पिळला तरी ओला-सुका झाला की ढिला पडतो. पण पट्टा लावतानाही ते पुटपुटतात, "कडबा, कडबा."

शनिवारी आम्ही दोघी शहागंजच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदार चाचा पिकल्या दाढीचे. मी विचारलं, "चाचा, हलकं कोणतं आहे?"

"हलका हौर भारी बाद में. पैले सर लाओ," ते त्यांच्या दखनी बोलीत म्हणाले. त्यांनी शिंप्याचा टेप काढला आणि अक्काच्या भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवला. मग आयएसआयची खूण दाखवून एक काळं हेल्मेट दिलं.

ते बसेना. चाचा हसले. "जुडा नीचे लो बेटी. हेल्मेट सर पे बैठता, जुडे पे नै."

अक्कानं अंबाडा सोडून सैल वेणी घातली. हेल्मेट चढलं. गाल दाबले गेले, ती फुगल्यासारखी दिसायला लागली. चाचा म्हणाले, डोकं हलव. तिनं हलवलं, हेल्मेट डोक्याबरोबर हललं, वेगळं नाही. मग त्यांनी पट्टा लावला, हनुवटीखाली दोन बोटं घालून बघितली, आणि मागची कड धरून वर उचलायचा प्रयत्न केला. निघालं नाही. "बिना पट्टे का हेल्मेट हौर हाथ में लटकाया हुआ टिफिन, दोनों एक," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पीछे कौन बैठता?"

"मी. कॉलेजपर्यंत."

"तुमारा सर लोहे का है क्या?"

"चाचा, मागच्याला कुठं पोलीस पकडतात?"

"पुलिस नै पकडती बेटी. डांबर पकडता."

मी वादाऐवजी पर्स उघडली. पत्रकाच्या छपाईचे पैसे तिच्यातच होते; ते काउंटरवर ठेवले आणि चाचांच्या टेपापुढं डोकं केलं. माझं डोकं अक्कापेक्षा मोठं निघालं, याचा तिला त्या दिवशी फार आनंद झाला.

पाणी मागायचं मी सोडलेलं नाही. रिकामा हंडा आजही रिकामाच आहे, आणि त्याचा जाब विचारायलाच पाहिजे. पण जाब विचारायला डोकं शाबूत लागतं. दोन मागण्यांना एकमेकींच्या विरुद्ध उभं करून मी चूक केली होती.

सोमवारी उजाडताना आम्ही निघालो. मेस्त्रीनं रविवारी दिलेल्या गाडीचा नवा क्लच मऊ लागत होता. आई दारात म्हणाली, "दोन मुंगळे निघाले बघा." मला पहिल्या दिवशी गेटपर्यंत जायचं होतं. पैठण रोडला नव्या इमारतींच्या सळया उजेडात तांबूस दिसत होत्या, आणि हेल्मेटच्या आत अक्का गुणगुणत होती. साडेसहाला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो. गेटवरच्या वॉचमननं अक्काचा पट्टा बघितला, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मागचीलाबी? नवीनच दिसतंय." आणि फाटक उघडलं.

मी मांडीवर हेल्मेट घेऊन बसनं परत आले. वाटेत मामाचा फोन. "गेली का आत?"

"गेली, मामा."

"बांधलं व्हतं ना नीट?"

त्यांनी गाडीबद्दल विचारलं की अक्काच्या डोक्याबद्दल, मला कळलं नाही. दोन्हीचं उत्तर हो होतं.

आता तुमच्याकडं एक काम देते. आज संध्याकाळी घरात एक दोरा घ्या. तुमच्या मागं जी व्यक्ती बसते, बायको, आई, बहीण, मित्र, तिच्या भुवयांच्या बोटभर वरून तो डोक्याभोवती फिरवा, जिथं जुळेल तिथं गाठ मारा. तो दोरा खिशात ठेवा. उद्या दुकानात जाल तेव्हा, ती बरोबर नसली, तर आधी तो काउंटरवर ठेवा, आणि मग स्वतःचं डोकं पुढं करा.