न टाकलेली चिठ्ठी

सलमाआपांचं नाव मी सर्वांत आधी घेतो. अंबादेवीच्याही आधी घेतो, आणि त्यावर देवी रागावणार नाही असं मला वाटतं; कारण देवीकडे मी जे मागितलं ते तिने आपांच्याच हातून दिलं. अमरावतीला राजापेठेतल्या एका बोळात आपांचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायच्या. ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझं भलं करू पाहिलं, त्या दिवशी मी त्यांचा अपमान केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला चांगलं दाखवायचा मोह होणार नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मूर्तिजापूरकडच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि अमरावतीला कारकून झालो. कापसाची ती वाईट वर्षं होती. ज्याला जमेल तो पोरं घेऊन शहर गाठत होता. माझी मुलगी जाई सहा वर्षांची होत आली, तेव्हा माझ्या मनात एकच भीती होती. साहेबांसमोर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तशी तिची चिकटू नये. ही इच्छा वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या इच्छेपायी मी देवीशी लबाडी केली.

आमच्या गावात मोठं काही ठरवायचं झालं की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. घरातलं लहान मूल एक चिठ्ठी उचलतं, तोच कौल. पण रीत अशी की नावांच्या चिठ्ठ्यांबरोबर एक कोरी चिठ्ठीही टाकायची. कोरी निघाली तर समजायचं की आपण मनात धरलेलं देवाला पसंत नाही. थांबायचं, पुन्हा विचार करायचा. आई तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. तिने मला बजावून पाठवलं. अंबादेवीच्या सभामंडपात एका बाजूला बसून मी चिठ्ठ्या काढल्या. दोनच. दोन्हींवर इंग्रजी शाळांची नावं. आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेची मराठी शाळा होती, तिचं नाव लिहिलं नाही. कोरी घडी करून हातात घेतली, आणि खिशात ठेवून दिली. निघाली तर? जाईने हसत हसत एक चिठ्ठी उचलली. घरी आल्यावर आईने विचारलं, "कोरी टाकली होती ना रे?" मी म्हणालो, "हो."

गणवेशाचं माप द्यायला गेलो तेव्हा आपांनी जाईला स्टुलावर उभं केलं. जाईची बडबड चालूच होती, आणि दर वाक्यात आजी होती. आपा हसून म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू काय? पंधरा दिस जाऊ द्या. पोरगी रमते का नाही ते पाहा, कापड मंग फाडतो. त्या शाळंचे कपडे मी लय वर्सांपासून शिवून राहिली." मला ते झोंबलं. अंगठ्याला सुईची भोकं पडलेल्या बाईने मला शाळा शिकवावी? मी म्हणालो, "आपा, तुम्ही कपडे शिवा. शाळेचं आम्ही पाहू." त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि जाईला खाली उतरवलं.

शाळेत पालकांच्या पहिल्याच सभेत बाईंनी सांगितलं की मुलीच्या बोलण्यात गावंढळपणा फार आहे, घरची भाषा सुधारा. जाई 'मला' म्हणत नसे, 'मले' म्हणे. वर्गात हसू होई आणि तिला बाकाजवळ उभं करत. मी घरी येऊन नियम केला: जाईशी इंग्रजीत बोलायचं, निदान शुद्ध मराठीत तरी. बायको कशीबशी सांभाळून घेई. आईला काय जमणार? ती नातीला हाक मारायला तोंड उघडी आणि माझ्याकडे पाहून मिटे. आठच दिवसांत तिने आपलं बोचकं बांधलं. "मी बोललो तं लेकराचं नुसकान होते म्हनतं ना तू? मंग मी जातो बाप्पा गावले. तिकडं म्हशीसंगं बोलीन." ती हसत बोलली. मीही हसलो, आणि तिला बसमध्ये बसवून दिलं. एवढा कोडगेपणा माझ्यात कुठून आला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दिवाळीनंतर जाई बोलायची थांबली. हट्ट नाही, रडणं नाही. नुसती मान हलवायची. शाळेतही नाही, घरीही नाही. डॉक्टर म्हणाले घसा चांगला आहे. त्याच दिवसांत तिची कॉलर कुरतडल्यासारखी फाटू लागली. एका गुरुवारी मी रजा टाकली, कॉलर बदलायला गणवेश आपांकडे दिला आणि जाईला घेऊन अंबादेवीला गेलो. देवीसमोर उभं राहिल्यावर मागायला शब्द सुचेनात. जिने बोलावं म्हणून मागायचं, ती माझं बोट धरून उभी होती आणि मीच तिचं बोलणं बंद केलं होतं. शेवटी एवढंच म्हणालो, आई, चूक माझी आहे, वाट तू दाखव.

येताना गणवेश घ्यायला दुकानात शिरलो. आपांनी मशीनखालून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे उपडी केली. त्यात कॉलरी होत्या. सगळ्या त्याच शाळेच्या, सगळ्यांच्या टोकांना दुधाच्या दातांच्या खुणा. "रागावू नका भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शाळंचे कपडे गुडघ्यावर फाटते, खिशावर फाटते. लेकरं खेळते, फाडते. या शाळंच्या कॉलरी येते मह्याकडं. तवाच सांगनार होती. तुमी आयकूनच घेतलं नाई." मी खाली बसलो. आपांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. बटणांचा डबा उघडून तो जाईसमोर धरला. "कोनतं पायजे, बेटा? सांगशीन तं भेटन." जाईने डब्यात बोट घातलं, बराच वेळ फिरवलं, आणि मग त्या दोन महिन्यांतला पहिला शब्द मी ऐकला. "मले... मले हिरवं पायजे." आपांनी बटण तिच्या मुठीत ठेवलं आणि मला विचारलं, "आजी कुठं हाये हिची?"

मी शनिवारीच जाईला घेऊन गावी गेलो. आई अंथरुणाला खिळली होती. आम्हाला कळवू नका म्हणून तिनेच शेजाऱ्यांना बजावलं होतं. जाई तिच्या उशाशी बसून बोलत राहिली, जणू दोन महिन्यांचं साठलेलं सांगून टाकायचं होतं. तसे नऊ दिवस मिळाले. ते नऊ दिवस ही कृपा होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शेवटच्या दिवसांत आईने पुन्हा विचारलं, "कोरी टाकली होती ना?" आणि मी पुन्हा म्हणालो, "हो." तेरावं झाल्यावर मी शिकलो त्या शाळेवरून गेलो. दाराला कुलूप होतं. पट उरला नाही म्हणून ती बंद केली होती. पट कुणी नेला हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जाईला मी गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेत घातलं. कार्यालयात लोक हसले, हसू दिलं. पुढे आपा दुकान बंद करून मुलाकडे अकोल्याला गेल्या. लहानपणी त्या सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या होत्या, मराठी सहज वाचतात. त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

सलमाआपांस सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो त्याची माफी दुकानात मागता आली नाही, कारण तुम्ही ते मनावर घेतलंच नसल्यासारखं वागलात. ती आज मागतो. आणखी एक गोष्ट आहे. ती आईला सांगायची होती, राहून गेली, म्हणून तुम्हाला सांगतो. मी देवीपुढे कोरी चिठ्ठी टाकली नव्हती. देवीला विचारलं, पण तिला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही. मला वाटतं, म्हणूनच तिला तुमच्या दुकानाची वाट धरावी लागली.

जाई आता दुसरीत आहे. गुडघ्यावर फ्रॉक फाडून येते. हिरवं बटण कंपासपेटीत आहे, हे तुम्हाला कळवायला तिने मुद्दाम सांगितलं. ती सगळ्यांशी बोलते, भांडतेसुद्धा. फक्त माझ्याशी बोलताना 'मले' म्हणायच्या आधी क्षणभर थांबते आणि माझ्या तोंडाकडे पाहते. ते थांबणं कधी जाईल हे मी देवीला विचारलेलं नाही. या वेळी एकही चिठ्ठी टाकली नाही. जाई थांबली की मीही थांबतो.

तुमचा भाऊ