पाय निघेना

सगळे रिपोर्ट चांगले आले, त्या दिवशी मी रडले. नसा शाबूत, कण्यात दोष नाही, आणि मला मात्र उंबऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं. धरून उभं केलं की उभी राहायचे; पाऊल पुढे टाकायचं म्हटलं की तळवे फरशीला चिकटलेले. डॉक्टर बिचारे भले. म्हणाले, "आजी, हे मनाचं आहे. जरा मनावर घ्या." बदलापूरच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. मेंदू हुकूम सोडतो आणि स्नायू तो पाळतात, हे फळ्यावर इतक्यांदा काढलं की खडूही कंटाळला असेल. आता मी रोज हुकूम सोडत होते आणि पाळणारं कोणी नव्हतं. मीच तर सोंग करत नाही ना? दुखणं असतं तर सोसलं असतं. आपण खोटारड्या आहोत की काय, ही शंका मात्र सोसवत नव्हती.

एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. यजमान उल्हासनगरला इस्पितळात होते. नवव्या दिवशी सकाळी माझी सून मेघना म्हणाली, "आई, घरी जाऊन आंघोळ करून या, मी थांबते." माझा पाय निघत नव्हता. तरी निघाले. दारापाशी पोचले तेव्हा ह्यांनी मागून काहीतरी म्हटलं. पण रिक्षा खाली थांबलेली, म्हणून मी वळून न बघताच "आले हं" म्हणून गेले. घरी केस धूत होते तेव्हा फोन आला. तेराव्यानंतर आठवड्याभरात माझे पाय गेले.

हे दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचे. मी सोबत असायचे, पण बाहेर चपला सांभाळत. देवाशी माझं फारसं जमायचं नाही. दर्शन झालं की हे देवाला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी बाहेर यायचे, आणि मी हसायचे, "आली स्वारी रिव्हर्स गिअरमध्ये!" हेही हसायचे. पण पाठ कधी दाखवली नाही.

ते गेल्यावर तीन महिन्यांनी एका सोमवारी मीच मेघनाला म्हटलं, मला तिथे ने. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. तिने आणि रिक्षावाल्याने काखेत हात घालून मला मंडपात नेलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गाभारा तिथून बऱ्याच पायऱ्या खाली. बाहेर भर दुपारचं ऊन, आत दगडाचा गारवा, वटवाघळांचा आणि ओल्या बेलाचा वास. खालच्या समईचा उजेड पायऱ्यांवरून हळूहळू वर येत होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. डोळे उघडे असून मला गुंगी आल्यासारखं झालं. मी कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो ते कळेना. मागणं असं काही सुचलंच नाही. एवढंच म्हटलं, "हे पाय आता तूच बघ. माझं ऐकत नाहीत."

मेघना रिक्षा जवळ बोलवायला गेली होती. पायऱ्या चढून एक सिंधी बाई वर आल्या, डोक्यावर ओढणी, हातात रिकामा तांब्या. माझ्या हातावर बेलाचं पान ठेवून म्हणाल्या, "माई, खडे होके हाथ जोडो ना. मैं पकडती हूं." त्यांनी उभं केलं, मी हात जोडले. आता निघायचं, तर देवाला पाठ कशी दाखवायची? एवढंच मनात आलं, आणि डावा पाय मागे गेला. मग उजवा. तळव्यांना दगड गार लागत होता, समोरचा उजेड लहान होत होता. मी चालत नव्हते. कोणीतरी मला हळूच मागे नेत होतं. ती चाल मला ओळखीची वाटली. ह्यांचीच होती.

"माई, आप तो चल रही हो!" बाई म्हणाल्या, आणि ते ऐकताच पाय थिजले. वळून बघितलं तर दारात मेघना तोंडावर हात ठेवून उभी.

तिथेच बसून मी तिला सगळं सांगितलं. "मी त्यांच्याकडे पाठ करून गेले गं. काय म्हणाले तेसुद्धा ऐकलं नाही."

मेघना माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मी ऐकलं होतं, आई. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही. बाबा हसून म्हणाले, 'बघ, हिला रिव्हर्स गिअरच नाही.' आणि त्यांचा डोळा लागला."

मी हसले, आणि मग खूप रडले.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. असे पाय कधी कधी उलटे चालतात म्हणाले. मग आधी मागे, नंतर पुढे, असा सराव त्यांनी करून घेतला. आता मी भाजी आणायला एकटी जाते. डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. तो बेलही मी जपून ठेवलाय. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून दर सोमवारी त्यांच्या वाटचा नमस्कार मीच करते. आत जाऊन, बाहेर बसून नाही. हुकूम सोडणारी मीच, असं जन्मभर मुलांना शिकवलं. चालवणारा निराळा आहे, आणि त्याच्या हाती सोडलं की तो टाकून देत नाही, एवढं मला उतारवयात कळलं.

घरातून निघताना ह्यांच्या फोटोसमोर उभी राहते. त्यांच्याकडे बघत तीन पावलं मागे येते. "येते हं," म्हणते, आणि मग वळते. पाय निघतो.