साफ्ताच्या तोंडातला घास

चूक केवढी, तर दोन मडकी शेजारी ठेवल्याची. एकात कोंड्याचं आंबट पाणी, दुसऱ्यात साबणासाठी उकळलेलं राखेचं कडक पाणी. आमच्याकडे उन्हातून आलेलं माणूस आंबट पाण्याचं मडकंच तोंडाला लावतं. साफ्तानंही लावलं, पण भलतंच. गळा आतून जळाला आणि कायमचा मिटला.

याश शहरातल्या इस्पितळात डॉक्टर वार्लामनी तिच्या पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली, म्हणून बाई जगली. घास चावायचा, नरसाळ्यात थुंकायचा, नळीतून पोटात सोडायचा. तिथंच डॉक्टरांना दिसलं, की घास आत जायच्या आधीच, नुसता चावतानाच पोटात पाचक रस सुटतो. मोठा शोध! परदेशातून विद्वान त्यांच्या भेटीला येऊ लागले. साफ्ताला मात्र घरी जाता येईना.

"अगं, थोडे दिवस थांब," डॉक्टर म्हणायचे. त्या थोड्या दिवसांत तिची लेक लग्न होऊन सासरी गेली.

रस मोजायच्या दिवशी ते नळीला बाटली बांधत आणि नरसाळं कपाटात कुलपात ठेवत. बाईनं चोरून खाल्लं तर मोजमाप बिघडेल ना! ईस्टरलाही बाटली बांधली.

"आज तरी सोडा, साहेब. चर्चमध्ये प्रसादाचा घास घ्यायचाय."

"घे की! रस किती सुटतो तेही कळेल."

काय म्हणावं या माणसाला!

चर्चमध्ये पाद्री गेरासिमबाबांनी दर वर्षीसारखा नुसता आशीर्वादाचा हात उचलला. "गिळणार कशी गं तू?"

"तुम्ही तोंडात तर द्या, बाबा. पुढचं माझं मी बघते."

बाबा विरघळले. वाइनमध्ये भिजलेला पावाचा तुकडा चमच्यानं तिच्या जिभेवर आला. आता तो गिळता येईना, आणि ख्रिस्ताचं शरीर थुंकणं तर स्वप्नातही नाही. ओठ घट्ट मिटून ती निघाली. वाटेत जुनी शेजारीण भेटली, म्हणाली, "ख्रिस्त उठला, साफ्ता!" ईस्टरच्या या रामरामाला 'खरंच उठला' म्हणायचं असतं. हिनं नुसती मान हलवली.

"शिष्ट झालीय मेली, इस्पितळात राहून!"

इस्पितळाच्या दारातच डॉक्टरांनी बाटली पाहिली. "ख्रिस्त उठला! अरे वा, केवढा रस! थुंक इथं, बघू." त्यांनी भांडं पुढं केलं. साफ्तानं कपाटाकडे बोट दाखवलं.

"आधी थुंक, मग नरसाळं."

तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं बाटली उपटली आणि फरशीवर आपटली.

"माझा रस!" डॉक्टर किंचाळले. मग तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिले. तेही आपल्याच धर्मातले, तोंडातला घास थुंकायचा नसतो ते आता कुठं त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं.

भिंतीकडे तोंड करून साफ्तानं घास पोटात सोडला, नळीला बूच लावलं आणि वळली.

"खरंच उठला, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर नवी बाटली घेऊन आले. साफ्तानं मुकाट्यानं सदरा वर केला. भूक लागली होती, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.