वायरिंग बघायला गेलेला राधेश्याम

राधेश्याम बूट घालताना मध्येच थांबतो. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि हातातल्या बुटाचा तळ असा निरखतो की जणू आजच विकत घ्यायचाय. त्याला दम लागलेला असतो आणि तो मला कळू द्यायचा नसतो. मी समोर मेथी निवडत बसलेली असते. मग मीही त्या बुटाकडेच बघते. हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

राधेश्याम माझा थोरला, वय त्रेचाळीस. लहानपणापासून दमा. वर्गात छाती वाजायला लागली की बाईंना पाणी पिऊन येतो म्हणायचा आणि हापशामागे जाऊन बसायचा, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. त्याचा दमा सांभाळला तो निजामोद्दीन डॉक्टरांनी. आमच्या बदनापुरात त्यांना सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे ठरलेलं लग्न मोडण्याइतकं अवघड.

पण राधेश्याम जिनिंगमध्ये फोरमन आहे, वीस वर्षं कापसाची धूळ खातोय. गेल्या वर्षीपासून हंगाम संपला तरी दम कमी होईना. शेवटी सून साधना त्याला गुपचूप जालन्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलंच विचारलं, लहानपणी दमा होता का?

"न्हाई साहेब," राधेश्याम म्हणाला.

परतताना जीपमध्ये साधनानं त्याला धरलं. "खोटं का बोलले?"

"मंग काय सांगू? हो म्हणलं की विचारतील, औषध कोणाचं चालू आहे. निजाम डॉक्टरांचं नाव निघायचं. त्यांना काय वाटंल, याला माझ्यावर भरोसा न्हाई?"

"छाती तुमची का त्यांची?"

"हळू बोल. त्यांच्या गल्लीचे लोक बसलेत."

हे एक झालं. दुसरं म्हणजे फुंकायची तपासणी. आधी यंत्रात जोरात फुंकायचं, मग पंप घ्यायचा, थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. पंपानं श्वास बराच मोकळा झाला तर दमा असण्याची शक्यता जास्त. आमच्या चिरंजीवांनी आत जाण्याआधीच चहाच्या टपरीमागे निजाम डॉक्टरांचा पंप ओढून घेतला होता. "पहिल्यांदाच जाऊन राह्यलो, खोकत कशाला जायचं त्यांच्यापुढं?" पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तशी त्यानं छाती झाडून नेली. यंत्राला दोन्ही वेळा सारखंच दिसलं. डॉक्टर म्हणाले, हा दमा नाही, सीओपीडी आहे, धुळीनं नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. वेगळा पंप दिला.

तो पंप हा निजाम डॉक्टरांकडे जाताना ओढायला लागला. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि खूश झाले. "माशाअल्लाह, दमा बिलकुल आटोक्यात."

म्हणजे दोन्ही दवाखान्यांत माझा मुलगा ठणठणीत. आजारी फक्त घरी.

घरातही दोन पक्ष पडले. साधना म्हणते दमाच आहे. माझे यजमान पुंजाराम म्हणतात धूळ. दोन्ही असेल, असं मी म्हणाले, तर हे म्हणाले, "एका माणसाला दोन-दोन आजार? एवढा मोठा लागून गेला का तो?"

पण पुढच्या खेपेला जालन्याचे डॉक्टरही तेच म्हणाले. "यांचा दम एका दिवसात इतका कमी-जास्त होतो, याचा मला संशय येतोय. दोन्ही एकत्र असू शकतं. तसं असेल तर नुसता माझा पंप धोक्याचा, सूज उतरवणारं औषधही पाहिजे. परत फुंकून बघू. त्या दिवशी सकाळी कोणताच पंप घेऊ नका. आणि लहानपणचं घरी नीट विचारून या."

त्यासाठी परवा दोघं गेले. दवाखान्यात बाकावर, भर उकाड्यात मफलर नाकापर्यंत गुंडाळून, निजामोद्दीन डॉक्टर बसलेले.

"अरे राधेश्याम. तू इथं?"

"वायरिंग बघायला आल्तो, डॉक्टरसाहेब. जुनी झालीय म्हणे इथली."

"अच्छा, अच्छा. मी वरच्या खोलीचं भाडं विचारायला आल्तो."

यावर दोघंही खोकला दाबत छताकडे बघत बसले. आतून "निजामोद्दीन" अशी हाक आली. कुणी उठलं नाही. मग "राधेश्याम". तरीही कुणी उठलं नाही. साधनानं चिमटा काढला तेव्हा राधेश्याम उठला आणि बटणांच्या बोर्डापाशी जाऊन त्यानं पंखा बंद केला, चालू केला.

"ठीक दिसतीय," तो म्हणाला.

"खोलीबी महागच दिसते," डॉक्टर म्हणाले.

दोघं जिना उतरले. प्रत्येक वळणावर "तुम्ही पुढं व्हा", "नाही बेटा, तू हो", असं म्हणत दम खाल्ला. खाली चहा घेतला आणि एकाच जीपनं बदनापूरला परत आले. तपासणी कुणाचीच झाली नाही.

साधना सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती. मग तशीच रडायला लागली. सोमवारी जिनिंग सुरू होतेय. हा नुसत्या त्या धोक्याच्या पंपावर पुन्हा धुळीत उभा राहणार. निजाम डॉक्टरांना दुखवायचं नाही म्हणून हा मरेलसुद्धा, आणि मरताना हापशामागे जाऊन बसेल.

निजाम डॉक्टर पहाटे नमाजला उठतात. अजान झाली की त्यांना फोन लावणार आहे. सांगणार, डॉक्टरसाहेब, वायरिंगचं आणि भाड्याचं मला कळलंय. या शनिवारी तुम्ही दोघं एकाच जीपनं जायचं, मी मधे बसणार. आत तुमचं नाव पुकारलं की तुम्ही उठायचं. आणि राधेश्यामचं पुकारलं की त्याला लहानपणापासून दमा आहे, हे त्या डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर त्याला चालेल.