चार घड्यांची चिठ्ठी

चर्चच्या किल्ल्या गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. झाडणं, बाक पुसणं, सांडलेलं मेण खरवडणं आणि रविवारी घंटा वाजवणं ही माझी कामं. सगळे मला किल्लीवाली म्हणतात आणि माझ्या तोंडाला जपून असतात. पाळकसाहेबसुद्धा पायपुसण्यावर दोनदा बूट घासल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. पण ही गोष्ट माझी नाही, रफूवालीची आहे. सांगता सांगता मला माझंही थोडं कबूल करावं लागेल, त्याला इलाज नाही.

रफूवाली चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. जिना चढून गेलं की दोन खोल्या, एक खिडकी. नवरा वारला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवून पोट भरते. सिगारेटनं जळलेला कोट असो, खिळ्यात अडकून फाटलेली शाल असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा काढते आणि त्याच धाग्यानं भोक असं विणते की कपड्याच्या मालकालाही जागा सापडू नये. काम कमालीचं सुबक आणि बोलणं कमालीचं कमी. आमच्या मंडळीत जीभ चालवायला तोटा नाही, त्यामुळे हिच्या गप्प राहण्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती पत्र्याची पेटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आत दोन कात्र्या, सुयांची डबी, शिवण उसवायचं पातं.

"ताई, हे इथे ठेवू का? मी कामही इथेच बसून करीन. पाळकसाहेबांच्या कपडे बदलायच्या खोलीत उजेड चांगला आहे."

"का गं? घरात जागा नाही?"

"जागा आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मी किल्ली दिली. ती गेल्यावर अर्धा बाक पुसून झाला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातलं फडकं तसंच राहिलं. जिचा सगळा संसार कात्रीवर चालतो, तिनं कात्री घराबाहेर काढली होती.

मुलगी सव्वीस वर्षांची. आमच्या लहान मुलांना रविवारी तीच शिकवायची. चाळीस पोरांच्या गलक्यात तिचा आवाज वेगळा कळायचा. मग हळूहळू ती यायची थांबली, बोलायची थांबली, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून जी पडली ती पडलीच. डॉक्टर होते, गोळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आई तिला चमच्याने दूध पाजायची, केस विंचरायची, कूस बदलून द्यायची, आणि "दूध घेऊन येते हं" असं सांगून कामाला यायची. दर अर्ध्या तासानं सुई कापडात टोचून ठेवायची, जिना चढायची, श्वास चालू आहे ना बघायची आणि परत यायची. दिवसभर जीव मुठीत धरून तिचं हे येणं-जाणं चालायचं.

सकाळी सातला मी दार उघडलं की पहिली तीच आत यायची. मागून दुसऱ्या बाकावर पाच मिनिटं बसायची. एकदा मी विचारलं, रोज काय एवढं मागतेस? म्हणाली, "आजचा दिवस. उद्याचं मागायची हिंमत होत नाही, ताई. उद्या उजाडला तर उद्या मागेन."

लोकांना ती सांगायची, "बरी आहे, जरा अशक्तपणा आहे." कारण सुरुवातीला तिनं एका बाईला खरं सांगून बघितलं होतं. त्या बाईनं हिचा हात हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "विश्वासात कुठेतरी कमी पडत असशील." ती बाई कोण हे मी सांगत नाही, पण तिच्या बाकाखालचा केर मी महिनाभर काढला नाही.

आता डब्याचं सांगते. आमच्या बायकांच्या सभेत एक जुनी पद्धत आहे. बुधवारी दुपारी आम्ही नऊजणी जमतो. प्रत्येकीनं आपलं मागणं एका कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी घालून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. मग डबा हलवायचा आणि प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची. जी येईल तिच्यासाठी आठवडाभर रोज प्रार्थना करायची. कुणाची आहे ते शोधायचं नाही, आणि स्वतःचीच आली तर गुपचूप परत टाकून दुसरी घ्यायची. एवढाच नियम. आपल्यासाठी कुणीतरी मागतंय आणि ते कोण हे माहीत नाही, यातच त्याचं सुख आहे, असं नर्सबाई म्हणतात. नर्सबाई म्हणजे आमच्यात सगळ्यात वडील, चाळीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या.

कागद मीच कापते, सगळे सारखे. पण नऊ घड्यांत एक घडी वेगळी असायची. चार वेळा दुमडलेली, कडेला कड तंतोतंत जुळलेली. रफूवालीच्या बोटांना वाकडी घडी घालताच येत नाही. आत दर वेळी तेच वाक्य: "माझी मुलगी उठून बसू दे." उभी राहू दे नाही, बरी होऊ दे नाही, नुसती उठून बसू दे.

वर्षभरात ती चिठ्ठी माझ्या हाती सहा वेळा तरी आली. मी काय केलं? बाक पुसता पुसता म्हणायचे, "देवा, त्या मुलीला उठव रे, आणि या लाकडावरचा डाग तेवढा निघू दे." आमेन म्हणून पुढच्या बाकाकडे वळायचे. एवढीच माझी प्रार्थना. मागच्या गल्लीतला तो जिना माझ्या दारापासून चाळीस पावलांवर होता आणि मी तो एकदाही चढले नाही. नियमाचा आडोसा घेतला. कुणाची आहे ते शोधायचं नाही ना, मग मी कशाला शोधू?

मग एका बुधवारी रफूवालीनं चिठ्ठी उचलली, उघडली, आणि तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला वाटलं, कुणाचं तरी मोठं दुःख हाती आलंय. तिनं चिठ्ठी मिटली आणि पोलक्यात ठेवली.

रविवारी मुलीनं दूध घेणं बंद केलं. सोमवारी पाणी. मंगळवारी पहाटे तिला उचलून इस्पितळात न्यावं लागलं. पाच दिवस नळीतून पाणी, सलाईन. रफूवाली बाहेरच्या बाकावर बसून होती. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसती पुटपुटत होती, "मीच केलं, मीच केलं." मला वाटलं, थकव्यानं बरळतेय.

मुलगी घरी आली, परत भिंतीकडे तोंड करून झोपली. पुढच्या बुधवारी रफूवाली सभेला आली, पण चिठ्ठी लिहायला बसली नाही. डबा फिरत तिच्यापाशी आला तसा तिनं तो मांडीवर घट्ट धरून ठेवला.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "त्या बुधवारी माझीच चिठ्ठी मला आली होती. मी परत टाकली नाही."

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मला वाटलं, तुम्ही काय, दोन मिनिटं डोळे मिटणार. तुमच्या घरी तुमची कामं आहेत. माझ्यासारखं रडून कोण मागणार? एक आठवडा तरी हे नीट मागितलं जाऊ दे, असं वाटलं. मी रात्रंदिवस मागितलं. आणि त्याच आठवड्यात..." तिचा आवाज फुटला. "बाकी कुणीच मागितलं नाही ना तिच्यासाठी. माझ्या एकटीच्यानं पेललं नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून देवानं माझ्या पोरीला शिक्षा केली."

दोन मिनिटं डोळे मिटणार, ती म्हणाली होती. मी तर डोळेही मिटले नव्हते.

नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या तशा रागीट नाहीत, पण त्या दिवशी आवाज चढला. "देव काय टपालातला कारकून आहे? चिठ्ठी पोचली नाही म्हणून पोरीचं पाणी बंद करेल? असा देव असता तर मी कधीच घरी बसले असते. तो आजार आहे. आजार असाच खालीवर होतो. तुझ्यामुळे झालं नाही. ऐकतेयस ना?"

रफूवालीनं मान हलवली, पण ती मान हो म्हणत होती की नाही ते मला कळलं नाही.

मग माझं तोंड उघडलं. एरवी ते दुसऱ्यांना झोडपायला उघडतं. "सहा वेळा आली होती मला तुझी चिठ्ठी," मी म्हणाले. "घडीवरून ओळखायचे. आणि सहाही वेळा मी फडकं मारता मारता प्रार्थना उरकली. तू बरोबर ओळखलंस आम्हाला. निदान मला तरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं वाटलं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती.

"पोरीजवळ कोण असतं दुपारी?" नर्सबाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

"दर अर्ध्या तासानं जिना चढते ती," मी म्हणाले. "चौदा महिने."

त्या दिवशी डबा हललाच नाही. नर्सबाईंनी चिठ्ठ्यांसाठी कापलेल्या कागदांवर वार लिहिले आणि वाटून टाकले. माझ्या वाट्याला गुरुवार आला.

आता इथे काही चमत्कार झाला असं समजू नका. मी अकरा गुरुवार त्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले आणि अकरा गुरुवार मला तिची पाठ तेवढी दिसली. पहिल्या गुरुवारी मी बायबल वाचून दाखवलं, ती डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिली. दुसऱ्या गुरुवारी वाचलं नाही. मग मी चर्चमधल्या तक्रारी सांगायला लागले, कोण बाकाखाली गोळ्यांचे कागद टाकतं, कोण प्रवचनात घोरतं. भिंतीला सांगितल्यासारखं सगळं. घरी येऊन मी गुडघे टेकायचे आणि शब्दच फुटायचे नाहीत. नर्सबाईंच्या सोमवारी तिनं उशी फेकली. एका शनिवारी ती तीन तास नुसती रडली आणि ज्या बाईचा वार होता तीही घाबरून रडत बसली. दोनदा पुन्हा इस्पितळ झालं. रफूवाली सातला येऊन आजचा दिवस मागतच होती. तिच्या गालांची हाडं वर आली होती. ही मुलीच्या आधी जाते की काय, अशी मला धास्ती वाटायची.

बाराव्या गुरुवारी मी सांगत होते की पाळकसाहेब बूट दोनदा घासतात पण टाच घासत नाहीत. तिनं मान वळवली. डोळे उघडे होते, माझ्या हातावर.

"मावशी, कात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. फार पटकन म्हणाले. ते तिला समजलं, आणि तिला समजलं हे मलाही समजलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दारापर्यंत पोचायला किती पावलं, याचा मी हिशेब करत होते.

"तुमच्या बाहीचा दोरा लोंबतोय," ती म्हणाली.

मी पाहिलं. खरंच लोंबत होता. मी तो चिमटीत धरला.

"ओढू नका. सगळी शिवण उसवेल."

तिनं कोपर टेकलं. ते कोपर थरथरत होतं. हात द्यावा असं वाटलं, पण माझा हात जागचा हलेना. ती अंगाचं सगळं ओझं त्या एका कोपरावर घेऊन वर आली, पाय खाली सोडले, माझी बाही दोन्ही हातांनी धरली, खाली वाकली आणि दोरा दातांनी तोडला. तोंडातला तुकडा बोटानं काढून माझ्या तळहातावर ठेवला. मग आडवी झाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

शनिवारवाली नेमकी चौकशीला आली, तिला खुर्चीत बसवून मी जिना उतरले. या वयात मी पळत नाही, त्या दिवशी पळाले.

रफूवाली कपडे बदलायच्या खोलीत खिडकीखाली कुणाचा तरी कोट घेऊन बसली होती. मला धापा टाकताना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "गेली?" तिनं विचारलं.

"नाही गं. बसली होती. उठून बसली होती."

मी सगळं सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. पाय खाली सोडले होते? दोन्ही? किती वेळ? मग तिनं माझा हात ओढून बाही उजेडात धरली आणि जिथे दोरा तुटला होता ती जागा कितीतरी वेळ बघत राहिली.

"शिवणीलगत तोडलाय," ती म्हणाली. "मी शिकवलं होतं तिला." आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

शुक्रवारी मुलगी उठली नाही. शनिवारी नाही. रविवारीही नाही. पुढच्या बुधवारी डबा फिरला आणि माझ्या हाती चार घड्यांची चिठ्ठी आली. मी ती परत टाकू शकत नव्हते, ती माझी नव्हती. आत नेहमीचं वाक्य होतं, "माझी मुलगी उठून बसू दे," आणि त्याच्यापुढे या वेळी एक शब्द जास्त लिहिला होता. "पुन्हा."

सगळ्या गेल्यावर मी फडकं बादलीत टाकलं आणि मागून दुसऱ्या बाकापाशी गुडघे टेकले. बाक त्या दिवशी पुसायचे राहिले.