न्हाय म्हणायचं बटण

संगणकाच्या दुनियेत ‘अगदी सोपं आहे’ असं ज्यानं पहिल्यांदा लिहिलं, त्याला एकदा कळंबला आणून माझ्या स्वयंपाकघरात बसवायचं माझ्या मनात आहे. चहा देईन, पोहे देईन, आणि माझा लॅपटॉप पुढं सरकवून म्हणेन, हं बाबा, कर आता सोपं.

झालं काय, की संक्रांतीनंतर आमच्या आक्कांना लकवा मारला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे गेले, आता घरात आम्ही दोघीच. आक्कांचा उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, आणि जीभ अशी जड झाली की तोंडातून नुसता घुमल्यागत आवाज येतो. डोकं मात्र शाबूत, कोण काय बोललं ते सगळं कळतं. त्यात एक नवीनच खोड लागली. मन बेचैन झालं की मान आपोआप वर-खाली हलायची. डॉक्टर म्हणाले, आजाराचाच भाग आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिचा सरळ अर्थ लावला, मान हलली म्हणजे व्हय. “आक्का, पंखा बंद करू?” मान हलली. बाई घामानं निथळतेय आणि पंखा बंद.

पंख्याचं मी बघून घेतलं असतं. पण त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, त्यानं एक दिवस व्हिडिओ कॉल केला. “आई, आता तू माझ्याकडंच राहायचं. आखितीला गाडी घेऊन येतो. येतीस ना?”

मान अशी काही हलली की विचारू नका. मी शेजारीच होते, मला त्यांचे डोळे दिसत होते. एकदा गेल्या होत्या त्या पुण्याला, त्याच्या उंच फ्लॅटात, आणि आठवड्यात परत आल्या. “वळणीवर वाळत घातल्यासारखं वाटतंय तिथं,” म्हणाल्या होत्या. इथं ओट्यावर बसलं की मोंढ्याच्या बाजाराकडं जाणारा एकही माणूस त्यांचा टोमणा खाल्ल्याशिवाय पुढं जात नव्हता.

“अरे, न्हाय म्हणत्यात त्या,” मी म्हटलं.

“काकू, मान हलवली की तिनं. तुमच्यासमोर.”

मग मी पाटी देऊन बघितली. आक्का प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेल्या, पण लिहिणं सहीपुरतं, तेही उजव्या हातानं. डाव्या हातानं नुसत्या रेघा झाल्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या, त्या पंख्यानं उडाल्या. आणि पुतण्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, “काकू, तुम्ही जी पट्टी पुढं करता तिलाच ती बोट लावत असंल.” म्हणजे मी लबाड.

तेव्हा म्हटलं, थांब, तुझ्याच धंद्यातलं काहीतरी करते.

मी सातवी शिकलेली बाई. एसटी स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका. पत्रिकेतली चुलते-मामांची नावं मानपानाप्रमाणं लावून लावून इतका वीट आला, की यंत्रानंच ती लावावीत म्हणून व्हिडिओ बघत बघत पायथन शिकले. पायथन म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. ती काळ्या पडद्यावर चालते, नुसती अक्षरं. आक्का काळ्या पडद्याला काय करणार? त्यांना पाहिजे खिडकी, आणि खिडकीत तळहाताएवढी बटणं. डाव्या हाताखाली माऊस, बटण दाबलं की त्यावरचा शब्द पडदाभर मोठा व्हावा आणि समोरच्यानं वाचावा. बास. अशा खिडक्या-बटणांसाठी भाषेच्या जोडीला वेगळा संच बसवावा लागतो, त्याला टूलकिट म्हणतात. भाषा फुकट, संच फुकट, डोकेदुखी पण फुकटच.

आणि संच एक असता तर बरं. ढीगभर आहेत. प्रत्येकाचा भक्त वेगळा, आणि तो बाकीच्यांना अडाणी समजतो. व्हिडिओ लावावा तर पोरगं आधी घंटी दाबा म्हणतं, मग आपली ओळख सांगतं, मग एक खिडकी उघडून तिच्यात ‘नमस्कार जग’ लिहून दाखवतं, की झाला व्हिडिओ. जगाला नमस्कार करून आमचं काय भलं होणार? फार तर पुढच्या भागात कॅल्क्युलेटर. जगात कॅल्क्युलेटरांचा जसा दुष्काळ पडलाय. कुठं प्रश्न विचारायला जावं, तर हा आधीच विचारून झालाय म्हणून कुलूप लावतात, आणि ज्या जुन्या उत्तराकडं बोट दाखवतात ते उघडून बघावं तर तिथला माणूस लिहितो, “माझं झालं, आभारी आहे.” कसं झालं ते लिहायची त्याला फुरसत नाही.

पहिला घेतला टीके, पायथनमध्ये त्याचं नाव टीकेइंटर. का, तर तो पायथनबरोबर येतोच, असं सगळे छातीठोक सांगत होते. माझ्या लॅपटॉपानं सांगितलं, टीकेइंटर नावाचं इथं काहीही नाही. लॅपटॉप पुतण्याचाच टाकून दिलेला. विंडोज यंत्राला पेलवेना म्हणून पुतण्यानं लिनक्स घालून दिलेलं, आणि लिनक्सात म्हणे टीके वेगळं मागवावं लागतं. मागवलं. खिडकी उघडली. माझा जीव हरखला. मग मी बटणावर लिहिलं ‘मिरची’, तर दिसलं ‘मरिची’. वेलांटी आपलं घर सोडून शेजारणीकडं गेलेली. ‘न्हाय’मधला न पाय मोडून वेगळा पडलेला. जोडाक्षर म्हणून एक नाही जुळलं. उभी हयात मी लोकांच्या लग्नपत्रिका जुळवल्या, एक मात्रा इकडची तिकडं होऊ दिली नाही, आणि माझ्याच पडद्यावर हा तमाशा. तरी आक्कांपुढं ठेवलं. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला, माझ्याकडं बघितलं, आणि डाव्या हाताच्या पाठीनं लॅपटॉप बाजूला सारला. त्यांना बोलता येत असतं तर काय म्हणाल्या असत्या ते मला शब्दाशब्दानं ऐकू आलं.

दुसरा संच मोबाइलसारखा देखणा दिसणारा. तो म्हणाला तुमचं पायथन जुनं. नवं टाकलं, तर म्हणाला फार नवं. पडदाभर तांबड्या ओळी, आणि सगळ्यात खाली एक वाक्य, की ही चूक बहुधा आमची नाही. व्हय, माझीच असणार.

मग पुतण्याला फोन केला. “काकू, हल्ली खिडक्या कोण करतं? ब्राउझरमध्ये करा.” केलं. आक्कांचा माऊस थरथरला, वरची फुली दाबली गेली, ते पान मिटलं, आणि आमच्या आक्का थेट मागच्या पानावरच्या साड्यांच्या जाहिरातीत.

शेवटचा राहिला क्यूटी. सगळ्यात थोर, सगळ्यात जड. घरी नेट नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायचं. खोलीत रेंज धरत नव्हती म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करत बसले. निम्म्याच्या पुढं आलं की फोन तापून बंद पडायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. कुरडया वाळून डब्यात गेल्या तेव्हा कुठं हे महाराज उतरले. पण एक गोष्ट कबूल करते. ‘मिरची’ लिहिलं तर मिरचीच दिसली. ‘न्हाय’ लिहिलं तर न आणि ह गळ्यात गळा घालून उभे.

बटणं केली. ‘पाणी हवे आहे’. ‘मला वेदना होत आहेत’. ‘कृपया पंखा लावावा’. ‘धन्यवाद’. ‘होय’. ‘नाही’. लॅपटॉप आक्कांच्या पुढं ठेवला आणि वाट बघत बसले.

एकाला हात लावतील तर शपथ. तांब्याकडं बोट करून पाणी मागायच्या, बटणाकडं ढुंकून बघायच्या नाहीत. पुतण्याला आयतंच मिळालं. “बघा, म्हटलं नव्हतं? तिला आता झेपायचं नाही हे.” आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलेली.

कळलं ते आपांमुळं. आपा म्हणजे आमच्या शेजारणबाई, बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं. आक्कांची आणि त्यांची उभ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रोजची चकमक. त्या येऊन बसल्या, आक्कांचा हात हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला. “या अल्ला, क्या बोलती थी, अब कैसी गुमसुम बैठी देखो.” आक्कांची मान हलायला लागली, डोळे लाल. मग त्यांनी माऊस धरला, सगळ्या बटणांवरून फिरवला, एकेक वाचलं, आणि दाबण्यासारखं एकही नाही म्हणून सोडून दिला.

मी लिहिलं होतं काय? अर्ज. जन्मभर टेबलामागं बसून लोकांची गाऱ्हाणी ‘सविनय’ आणि ‘कृपया’ घालून टाइप केली, तर पडद्यावर लिहायचं ते असंच, हे बोटांत मुरलेलं. आक्का तहसीलदाराला अर्ज करत नव्हत्या हो. या घरात ‘वेदना’ कुणाला झाल्या नाहीत, दुखलं तेवढं. ‘धन्यवाद’ तर दाराशी आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावताना म्हणायचा शब्द. पाणी मागायला त्यांचा डावा हात बास होता. हातानं येत नव्हतं ते उलटं बोलणं.

त्याच दुपारी सगळी बटणं पुसली. ‘न्हाय’ सगळ्यात मोठं. मग ‘तुला काय कळतंय’. ‘लई शाणी झालीस’. ‘च्या पांचट केलाय’. ‘हात लावू नको’. ‘च्या घे आन् उठ’. ‘रडायचं असंल तर घरी जाऊन रड’. खाली काही बटणं रिकामी ठेवली. आक्कांनी वाचलं, तोंडाची एक बाजू वर गेली, आणि पहिलं बटण दाबलं ते ‘च्या पांचट केलाय’. केला नव्हता. चांगला आलं घालून केला होता.

दुसऱ्या दिवशी आपा परत पदर घेऊन आल्या. पडद्यावर मोठाली अक्षरं उमटली. आपा मराठी शाळेत शिकलेल्या, बोट ठेवून मोठ्यानं वाचायची सवय. “रडायचं… असंल तर… घरी जाऊन…” आणि थांबल्या. “मेरेकूच बोली क्या?”

आक्कांनी परत दाबलं.

“बोली, भाभी, मेरेकूच बोली,” मला म्हणाल्या, आणि आक्कांच्या दंडावर चापट मारली. “अब सुनो. मैं नई रोती तुमारे वास्ते. बांगड्यांचे उधार पैशे द्यायला लागतील म्हणून गप बसली म्हातारी.”

त्या दिवशी चकमक पहिल्यासारखी गल्लीभर झाली. एक बाजू आपा ओरडून लढवत होत्या, आणि आक्कांची बाजूही त्याच मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

आखितीला पुतण्या आला. गाडी दारात लावली, आत आला, लॅपटॉप बघून हसला. “काकू, हे काय, माझ्या जन्माच्या आधीचं वाटतंय. राखाडी बटणं. मी चांगलं ॲप आणलंय.” त्यानं टॅबलेट आईच्या मांडीवर ठेवला. गोल गोल चेहरे, गुलाबी ढग. ‘कृपया मला पाणी द्या’. ‘मला आनंद झाला’. आक्कांनी सगळं नीट बघून घेतलं आणि एक चेहरा दाबला. गोड पोरीच्या आवाजात टॅबलेट म्हणाला, “धन्यवाद.” परत दाबला. “धन्यवाद.” मग दुकानात साडी परत करावी तसा तो त्याच्याकडं सरकवला.

“बरं, राहू दे. आई, निघायचं ना? काकू, बॅग भरली का?”

आक्कांची मान हलायला लागली.

“बघा,” तो म्हणाला. “व्हयच म्हणतीय.”

मी पुरण वाटत होते, जागची हलले नाही. आक्कांना हात एकच. त्या हातानं मान धरली तर माऊस सुटणार. त्यांनी मान हलू दिली आणि माऊस धरला. तो बटणांवरून दोनदा घसरला, मग थांबला. पडदाभर उमटलं, न्हाय.

पुतण्या मानेकडं बघतोय, पडद्याकडं बघतोय.

“वाच की,” मी म्हटलं.

“दिसतंय मला.”

“मोठ्यानं वाच. या घरात मोठ्यानंच वाचत्यात.”

“न्हाय,” त्यानं वाचलं. “पण आई, तिथं डॉक्टर चांगले आहेत, फिजिओ घरी येईल—”

“तुला काय कळतंय,” पडद्यावर उमटलेलं पुढचं त्यानंच वाचलं. मग माझ्याकडं वळला. “काकू, हे तुम्ही लिहिलंय सगळं.”

“लिहिलं म्या. बोलल्या त्या. माझे हात बघ, कोपरापर्यंत पुरण हाय.”

तो आईपुढं खाली बसला. मग हळू म्हणाला, “खरंच न्हाय यायचं?”

आक्कांनी पुन्हा ‘न्हाय’ दाबलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मान हलतच होती, पण आता तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

पुरणपोळी खाऊन तो एकटा निघाला. निघता निघता त्याच्यातला पुणेकर जागा झाला. “काकू, निदान रंग तरी बदलून देऊ का? पाच मिनिटांचं काम. सोपं आहे.” आक्कांनी ‘हात लावू नको’ दाबलं. ते त्यानं न सांगता मोठ्यानं वाचलं आणि चपला घातल्या.

आता परवापासून आक्का एका रिकाम्या बटणावर टकटक करतायत. म्हणजे तिथं काहीतरी लिहायचंय, आणि काय ते मी ओळखायचं. “भाजीत मीठ कमी?” न्हाय. “आपांना बोलवू?” न्हाय. “नणंदेला काही कळवायचंय?” न्हाय. “दिवा लाव म्हणायचंय?” न्हाय. सकाळचा स्वयंपाक, दुपारची झोप, सगळं सोडून मी विचारतेय आणि त्या दाबतायत. मघाशी म्हटलं, “आक्का, खरंच काही लिहायचंय का तिथं, का नुसतं मला न्हाय म्हणायची मजा येतीय?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तोंडाची एक बाजू वर गेली, आणि पडद्यावर उमटलं, ‘लई शाणी झालीस’.