बंदीतली मरळ

आमच्या मालकांचं नाव म्हाळू, पण अख्खं खुटबाव त्यांना गळवाले आबा म्हणतं. मग म्याबी आबाच म्हणते. सणसवाडीच्या कंपनीत सारा जन्म गेला, आन् सुट्टी मिळाली की तळ्याचा काठ. मासा विकायचा न्हाई, नुसता नाद. तळ्याशीच लगीन लावायचं हुतं, असं म्या कैकदा सुनावलं.

यंदा तळ्यावर पाटी लागली. पावसाळ्यात माशांची वीण असती, तवा जाळं तर न्हाईच, हौसेचा गळबी दोन म्हैने बंद. आबांनी निमूट गळ माळ्यावर टाकला. नेमकी तवाच आमची लेक दीक्षा बाळंत झाली, तीबी ऑपरेशननं. टाके भरायला मरळीचं कालवण लागतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरबी सांगंल. बाजारात मरळ कुठंच मिळंना. पोरगी पांढरीफटक पडलेली, आन् ह्यांना नियम सुचतोय! माझं डोकंच फिरलं. पाटी मोठी का पोरगी, म्हणून त्यांना घालूनपाडून बोलले, गळ हातात कोंबला आन् संगं तळ्यावर गेले. न्हाईतर आबा वाटेतनंच माघारी फिरले असते.

काठाजवळ पाण्यावर तांबूस डाग हलत हुता, मिरचीची पूड सांडल्यावानी. आबा म्हणाले, ही मरळीची पिल्लं, आई खालीच असती. डागात बेडूक लावून गळ टाकला की ती चवताळून येती आन् घावती. जुनी माणसं असंच धरायची. म्या म्हटलं, मग टाका की. त्यांचा हात काय उठंना.

शेवटी म्याच काठावरची एक काठी उचलून त्या डागात खुपसली. अगं माय माय! खालनं मांडीएवढी मरळ अशी उसळली की काठी हातातनं उडाली. पळायचं सोडून ती आमच्याच अंगावर आली, पार उथळ पाण्यात, निम्मी पाठ उघडी. तेवढ्याशा जिवानं दोन माणसांवर चालून यावं! जरा वेळानं डाग परत गोळा झाला, आन् ती त्याच्याखाली जाऊन थांबली. ह्या तळ्याचं पाणी भरण्यात माझं वय गेलं, पण असलं कवा बघितलं न्हवतं.

"टाकू का?" आबांनी हळूच विचारलं.

"गुंडाळा तो गळ," म्या म्हटलं.

घरी दीक्षा बाळाला पाजीत हुती. मरळ घावली का, म्हणाली. काय बघितलं ते म्या तिला सारं सांगितलं. तिनं बाळावर पदर ओढला.

"ऱ्हाऊ दे आई," ती म्हणाली, "तिचीबी ल्हान हायेत."